अमेरिकेतलं पहिलं पाऊल, मुक्काम पोस्ट जोहे

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, चहा उकळेपर्यंत वेळ आहे. कारण पुढं जे सांगणार आहे ते आठवलं की मला अजून दरदरून घाम फुटतो. तेवीस हजार वर्षं चिखलात टिकलेली गोष्ट मी एका दुपारी मिटवून टाकली. आणि कशी मिटवली? प्रेमानं! हात फिरवून, पॉलिश पेपर मारून, वर प्रायमरचा हात देऊन.

मी रमाकांत, जोहेचा. आमच्या गावात घरटी गणपतीचा कारखाना आहे, तसा माझाही आहे. कारखाना म्हणजे भोंगा आणि चिमणी नव्हे हो, पत्र्याची शेड. आमचे वडील शाडूचं काम करायचे, मीही शाडूचं करतो, आणि थोडी प्लास्टरची कामं आली तर ती पण घेतो. पण माझं नाव आहे ते फिनिशिंगला. माझ्या मूर्तीवर माशी बसली तर घसरून पाटावर पडते, असं आख्खं जोहे म्हणतं. म्हणजे मी म्हणतो, आणि जोहे नाही म्हणत नाही. माझ्या टेम्पोवर दोन्ही बाजूंना पिवळ्या रंगात मूर्तींची जाहिरात मीच लिहून ठेवलीय, पेणच्या बाजारात गिऱ्हाईक लांबून वाचतं आणि सरळ माझ्याकडं येतं. बोलायला पण आपण कमी नाही. तीस वर्षं तेच तेच बोलून जीभ अशी सरावलीय की झोपेतून उठवलंत तरी मूर्तीची सगळी माहिती घडाघडा सांगेन.

तर ही झाली माझी कीर्ती. आता ती कशी धुतली गेली ते ऐका.

माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी मानसी. रोह्याच्या एका कॉलेजात शिकवते, पण तासिका तत्त्वावर. तासिका तत्त्व म्हणजे काय ते ज्याच्या घरात असं माणूस आहे त्यालाच कळतं. तास घेतला तर मॅडम, सुट्टी लागली की कुणी नाही. सात वर्षं पोरगी अशी लोंबकळत होती. यंदा तिथं एक कायमची जागा निघाली, आणि प्रिन्सिपल तिला म्हणाले की एखादा असा कार्यक्रम करून दाखवा की गावात नाव निघेल, मग मी ताठ मानेनं तुमची शिफारस करतो. आता एवढं बोलल्यावर गप्प बसेल ती आमची मानसी कसली? तिनं दोन विद्वान बोलवले आणि वाद ठेवला. विषय काय, तर माणूस अमेरिकेत पहिल्यांदा कधी पोचला!

मी म्हटलं, अगो, रोह्याच्या माणसाला याचं काय करायचंय? तर म्हणाली, मामा, डोलवीच्या कंपनीत आधी कोण आलं आणि मागाहून कोण आलं यावर चहाच्या टपरीवर रोज भांडणं होतात ना? हे तेच भांडण आहे, फक्त मोठं.

मला तिनं सगळं समजावून पण सांगितलं. जुन्या मंडळींचं म्हणणं असं की उत्तरेकडचा बर्फ वितळायला लागला, वाट मोकळी झाली आणि माणूस अमेरिकेत उतरला, त्याला झाली तेरा हजार वर्षं. मग कुठल्या तरी आटलेल्या तळ्याच्या काठी चिखलात माणसांची पावलं सापडली आणि नवी मंडळी म्हणाली, तेरा कुठलं, तेवीस हजार! तेव्हापासून जी जुंपली आहे ती आजतागायत. जुने म्हणतात, पावलांसोबत मिळालेल्या ज्या बियांवरून तुम्ही वय काढता त्या पाण्यातल्या वनस्पतीच्या आहेत, त्यांचं वय खोटं जास्त दिसतं. नवे म्हणतात, आम्ही दुसऱ्या तऱ्हेनं पण तपासलं, तेच वय आलं.

मला जुन्यांचं पटलं, खरं सांगतो. आमची शाडू माती गुजरातेतून येते, ती किती वर्षांची आहे देव जाणे, म्हणून काय माझा गणपती पुरातन होतो? माती जुनी, पण काम यंदाचं. मी हे मानसीला सांगितलं तर ती खूश झाली. मामा, तू सायंटिस्ट व्हायला हवा होतास, असं म्हणाली. हे वाक्य लक्षात ठेवा.

तर कार्यक्रमासाठी तिनं तिच्या पुण्याच्या जुन्या सरांकडून एक वस्तू उसनी आणली. त्या पावलांची हुबेहूब नक्कल, फायबरची, दरवाजाच्या अर्ध्या फळीएवढी; हे मला मागाहून कळलं. आणताना तिचा एक कोपरा उडाला. कोपरा बसवायला रायगड जिल्ह्यात मामासारखा कारागीर कोण? रविवारी मानसी ती फळी गुंडाळून कारखान्यात घेऊन आली.

आणि मी तेव्हा काय करत होतो? डोळे! मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होतो. आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला पाहिजे. डोळे आखताना कारागीर श्वास धरून असतो. बोलत नाही, हलत नाही, शिंकत नाही. बुबुळ केसभर सरकलं की बाप्पा तिरळा. घरात आग लागली असं कुणी सांगितलं तरी त्या वेळेला आमच्या तोंडून फक्त 'हं' निघतं. मानसी कानाशी उभी राहून पाच मिनिटं बोलली. मी हं म्हटलं. तिनं परत काहीतरी विचारलं, मी परत हं म्हटलं. तिसऱ्यांदा तर तिनं माझ्याकडून कबूल करून घेतल्यासारखं विचारलं, मी जरा लांबलचक हं म्हटलं. मग गाडीची वेळ झाली म्हणून ती गेली. माझ्या डोक्यात एवढंच उरलं होतं की फळी आलीय आणि दुरुस्त करायचीय.

सोमवारी दुपारी फळी सोडली आणि मी कपाळावर हात मारला. काय तिची अवस्था! कोपरा तर उडालाच होता, पण मधेसुद्धा जागोजाग खड्डे. कुठं खोल, कुठं उथळ, एकामागोमाग एक. मला वाटलं, पुण्याहून येताना आपल्या हायवेनं आली असणार, दुसरं काय होणार! पोरीची दया आली. हिनं फक्त कोपरा सांगितला असेल, भिडस्त आहे बिचारी, पण मामानं सगळं करायला नको? समोर मळलेला शाडूचा गोळा होता. एकेक खड्डा भरला. कोपरा पण त्यातच उठवला. पंख्याखाली वाळल्यावर पॉलिश पेपर मारला, प्रायमर दिला, वरून हात फिरवून बघितलं, तर काय सांगू, आरसा! मुंबई-गोवा हायवेचे खड्डे आजवर कुणाला बुजवता आले नाहीत, आणि मी एका दुपारीत आख्खी फळी सपाट केली होती.

गुरुवारी सकाळी मानसीचा फोन आला. शुक्रवारी कार्यक्रम, मामा वेळेवर ये, फळी टेम्पोतून जपून आण, सगळं बोलून झालं. मग म्हणाली, "आणि पावलं ठीक आहेत ना?"

मी म्हटलं, "कुणाची?"

ती केवढी हसली. म्हणाली, "मामा, तोच तर वाद आहे!" आणि फोन ठेवला.

मी तिथंच पोत्यावर बसलो. फळीकडं बघितलं. फळी माझ्याकडं बघत होती, गुळगुळीत. एकामागोमाग एक खड्डे. डावा, उजवा, डावा, उजवा. मी माझ्या हातानं, या या हातानं, अमेरिकेत पोचलेला पहिला माणूस बुजवला होता आणि वर प्रायमर मारला होता!

आमची बायको नंदा. माहेर कासूचं, तोंड एकदम फटकळ. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता पोरीला फोन लावा आणि खरं सांगा. शहाणी बाई! पण माझ्या अंगात फिनिशिंगचा ताठा. जोहेचा रमाकांत आणि चुकला? मी म्हटलं, थांब गो, पावलंच पाहिजेत ना? मग करू की पावलं! जन्मभर दुसरं काय केलंय? शाडूवर पाऊल उमटवायचं, त्याचा साचा काढायचा, साच्यातून प्लास्टरची नवी फळी काढायची. आमचं रोजचंच काम.

आता पाऊल कुणाचं? माझ्या पायाला भेगा, अंगठे वाकडे, आणि आकार होडीएवढा. नंदाचं पाऊल लहान, नीटस. ती आधी तयार होईना. शेवटी म्हणाली की सव्वीस वर्षांत या घरात माझ्या पायाची पहिल्यांदा काहीतरी किंमत झाली, आणि उठली. तेवढ्यात आमची दीड वर्षाची नात चिऊ रडायला लागली, खाली उतरेचना, म्हणून तिला डाव्या कडेवर घेतली.

मी एकदम विचार करून काम करणारा माणूस. नंदा मातीवर पाय ठेवणार, इतक्यात मला सुचलं आणि मी तिला थांबवलं. पैंजण! म्हटलं, पैंजण काढ आधी. तेवीस हजार वर्षांपूर्वीची बाई पैंजण घालून हिंडत नसणार, एवढी अक्कल आपल्याला आहे. तिनं कुरकुरत पैंजण काढून ठेवले. मग ती चार पावलं चालली. मधेच मी जरा हळू चाल म्हटलं, तर थांबून माझ्याकडं वळली आणि जे काय बोलली ते इथं सांगत नाही.

साचा उत्तम निघाला. प्लास्टर ओतलं, चहाच्या पाण्यानं आणि गेरूनं जुनाट रंग दिला. पायाच्या कातडीवरच्या रेघा न् रेघा उमटल्या होत्या. फळी ओली असताना उचलली, तेव्हा मागच्या बाजूला माझ्या हाताचा पंजा उमटला, पण मागचं कोण बघतंय म्हणून तसाच ठेवला. नेताना मोडू नये म्हणून नवी फळी कशावर तरी सपाट ठेवायला हवी होती. सपाट काय होतं? तीच जुनी फळी! पहिला माणूस खाली, त्याच्यावर नंदा, अशी मांडणी करून शुक्रवारी सकाळी आम्ही रोह्याला निघालो.

वडखळपासून नागोठण्यापर्यंत एकेका खड्ड्याला माझा जीव वरखाली होत होता. पोचायला उशीर झाला. घाईत टेम्पो गेटातच एका मोटारीसमोर लावला आणि फळी चादरीत गुंडाळून थेट स्टेजवर नेली. मानसीला बघायला वेळच मिळाला नाही. माझ्या मनात आलं, बरंच झालं.

हॉल गच्च भरला होता. मुलं खिडक्यांत बसली होती. स्टेजवर एका बाजूला तेरा हजारवाले सर, पांढरे केस, कपाळावर आठ्या. दुसऱ्या बाजूला तेवीस हजारवाल्या मॅडम, चाळिशीच्या, एकदम तरतरीत. प्रिन्सिपलनी चादर ओढली. टाळ्या पडल्या. मानसीनं फळीकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी वर पंखा बघत बसलो.

मॅडम उठल्या, फळीभोवती एक फेरी मारली, वाकल्या. त्यांना वाटलं की पुण्याहून कुठला तरी न बघितलेला नमुना आलाय. म्हणाल्या, ही पावलं बाईची आहेत. उंची पाच फुटांच्या आत. मी मान डोलावली, नंदा चार फूट अकरा आहे. मग म्हणाल्या, डाव्या पायाचा ठसा खोल आहे, म्हणजे डाव्या कडेवर ओझं असावं, बहुतेक लहान मूल.

माझी मान आपोआप वळली. शेजारी नंदा, तिच्या डाव्या कडेवर चिऊ!

मॅडम पुढं म्हणाल्या, उजवा पाय थोडा ओढलाय, गुडघा दुखत असावा. नंदा माझ्या कानाशी लागली आणि विचारायला लागली की या बाईंना माझ्या गुडघ्याचं कुणी सांगितलं. मी म्हटलं गप. आणि मग मॅडमनी तिसऱ्या ठशावर बोट ठेवलं. म्हणाल्या, इथं ती थांबली, मागं वळली, टाच जोरात रुतलीय. मागून येणाऱ्या कुणावर तरी ती चिडली असावी.

अरे देवा! ही बाई आहे की कोण आहे? आता पुढं नाव, गाव आणि आधार कार्डाचा नंबर पण सांगते की काय? मला विज्ञानाची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

तेव्हा तेरावाले सर उठले. खिशातून भिंग काढलं आणि फळीवर इतके वाकले की नाक टेकायचं बाकी राहिलं. मग त्यांनी मॅडमना जवळ बोलावलं आणि पायाचं दुसरं बोट दाखवलं. बोटाभोवती खाच होती. दुसऱ्या पायाला पण तशीच. खाचेवर बारीक मण्यांची नक्षी.

मॅडमनी माइक हातात घेतला. म्हणाल्या की हा दागिना असेल तर त्या खंडातला सगळ्यात जुना दागिना आपण आत्ता, या क्षणी, रोह्यात बघतोय. आणि माझ्या डोक्यात लख्ख पडलं.

जोडवी.

अहो, पैंजण दिसले मला, कारण ते वाजतात. सव्वीस वर्षं हिच्या पायात जोडवी बघतोय, ती मला दागिना म्हणून दिसतच नाहीत, पायच वाटतात!

सर सरळ उभे राहिले. म्हणाले की ही नक्षी ओतीव धातूची आहे, त्या काळी तिथं असला धातू नव्हता, म्हणजे हा ठसा तेवीस हजार वर्षांचा तर नाहीच, माझ्या तेरा हजारांचापण नाही. मग ते मानसीकडं वळले. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट. "हा नमुना बनावट आहे. हा इथं कुणी आणला?"

प्रिन्सिपलचा चेहरा उतरला होता. मानसी पांढरीफटक पडली. सात वर्षांची तासिका, एक कायमची जागा, सगळं त्या फळीवर. तिला एव्हाना कळलं होतं हे उद्योग कुणाचे आहेत. नुसतं माझ्याकडं बोट दाखवलं असतं तर ती सुटली असती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. माइक घेतला आणि म्हणाली, "सर, जबाबदारी माझी आहे."

तोपर्यंत मी, खरं सांगतो, मागच्या दारातून निसटायचा विचार करत होतो. पण त्या वाक्यानं माझ्या काळजाला असा चटका बसला की मी उभा राहिलो. नंदाकडं हात केला आणि म्हटलं, "ही पावलं हिची आहेत."

सगळा हॉल नंदाच्या पायांकडं बघायला लागला. दुसरी कुणी असती तर लाजून मेली असती. आमची उठली, चिऊला सावरलं, लुगड्याचा काठ दोन बोटं वर धरला आणि दोन्ही पाय पुढं केले. जोडवी चमकली. सरांना म्हणाली, "पैंजण काढ म्हनाले, ते मी काढले. जोडवी काढ म्हनाले नाय. आनि म्हनाले असते तरी काढली नसती. नवरा समोर जिता बसलाय."

मग मी सगळं सांगितलं. डोळ्यांची आखणी, हं, खड्डे, पॉलिश पेपर. प्रायमर म्हणताना मॅडमनी डोळे मिटून घेतले. मानसीच्या पुण्याच्या सरांची वस्तू होती ती, परत द्यायची होती. मॅडमनी हलक्या आवाजात विचारलं की मूळ फळी आहे का कुठं. मी म्हटलं, आहे, टेम्पोत आहे, या फळीच्या खाली अंथरून आणली. मुलं हसली, मॅडम हसल्या नाहीत. मग विचारलं, ठसे कशानं बुजवलेत?

मी म्हटलं, "शाडूनं."

तेरावाले सर खुर्चीत बसायला निघाले होते ते मधेच थांबले. मला म्हणाले, "गेटात माझ्या गाडीसमोर आडवा टेम्पो लावलाय, तो तुमचा?"

"व्हय."

"त्याच्यावर काय लिहिलंय?"

आता सांगितलं ना मघाशी, तीस वर्षांची सवय आहे. कुणी विचारलं की आपली जीभ सुटते. मी छाती पुढं काढली आणि सुरू केलं, "अस्सल शाडू मूर्ती, नदीवर जायला नको, खाडीवर जायला नको, घरच्या बादलीत तासाभरात विरघ..."

आणि तिथंच थांबलो.

आख्खा हॉल माझ्याकडं बघत होता. पहिल्यांदा नंदा हसली. मग खिडकीतली मुलं. मग प्रिन्सिपल. मी उभा. तीस वर्षं ज्या मातीची मी पाण्यात विरघळते म्हणून ग्वाही देत आलो, ती पाण्यानं धुवायची मला सुचलं नव्हतं! त्यापेक्षा मी बायकोला चिखलात चालवली, साचा काढला, चहाच्या पाण्यानं रंग दिला. एक बादली पाणी, बास, तेवढंच काम होतं.

फळी टेम्पोतून काढून कॉलेजच्या पायरीवर ठेवली. बागेच्या नळावरून दोन बादल्या पाणी आलं. मॅडमनी बाह्या वर केल्या, मी प्रायमरचा पापुद्रा नखानं सोडवला, आणि तांब्यानं पाणी सोडायला लागलो. आधी सगळी मुलं खिदळत होती. मग राखाडी पाणी पायऱ्यांवरून वाहायला लागलं, आणि एक अंगठा वर आला. मग टाच. मग पुढचं पाऊल. आणि मग मोठ्या पावलाच्या बाजूला एवढुसं एक पाऊल निघालं, माझ्या तळहाताएवढं. कडेवरून मूल खाली ठेवलं असणार, दोन पावलं चालवलं असणार, परत उचललं असणार. नंदानं आपसूक चिऊला खाली उतरवलं आणि तिचा पाय त्या पावलाशेजारी धरला. जवळजवळ तेवढाच होता. माझे डोळे भरून आले, आणि ही पावलं मी सोमवारी खड्डा समजून बुजवली होती.

माझा बसवलेला कोपरा मात्र पहिल्या तांब्यातच वाहून गेला. ज्या एका कामासाठी फळी माझ्याकडं आली होती, तेवढंच काम शेवटी राहिलं.

तेरावाले सर बराच वेळ ते छोटं पाऊल बघत उभे होते. मॅडमना म्हणाले की मी अजून तेरा हजारच म्हणतो. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, पण पाऊल सुंदर आहे. त्यानंतर पायरीवरच दोघांची अशी जुंपली की मुलं दोन तास हलली नाहीत. आणि प्रिन्सिपल मानसीला म्हणाले, चूक झाल्यावर माइक हातात घेऊन जबाबदारी माझी म्हणणारं माणूस मला कायमचं पाहिजे. तिची ऑर्डर आली आणि तिनं पहिला फोन मला केला. नशीब, तेव्हा मी डोळे आखत नव्हतो.

नंदाची फळी तेरावाल्या सरांनी जाऊ दिली नाही, मुलांना शिकवायला उत्तम आहे म्हणाले. ती आता कॉलेजात काचेच्या कपाटात उभी आहे. मध्यंतरी रोह्याला गेलो होतो तेव्हा नंदाला घेऊन बघायला गेलो. पुढच्या बाजूला मानसीच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'आधुनिक मानव, स्त्री, जोहे. कडेवर मूल. पायांत जोडवी.' नंदा कितीतरी वेळ वाचत उभी होती. मला जरा वाईट वाटलं. म्हटलं, फळी मी केली, आणि माझं नाव कुठंच नाही?

मानसी म्हणाली, आहे की मामा, मागं ये.

मागं गेलो. माझा पंजा तिथं तसाच होता, पाची बोटांसकट. खाली दुसरी चिठ्ठी: 'हाताचा ठसा, प्रौढ पुरुष. हा नेमकं काय करत होता, याबद्दल अभ्यासकांमध्ये अद्याप एकमत नाही.'